फणीपलीकडची जागा

मला नोकरी लागली ती माझ्या उजव्या पायामुळं. लोकांना नोकऱ्या हाताच्या हुन्नरामुळं लागतात, शिक्षणामुळं लागतात, मामा-काकांमुळं तर सर्रास लागतात. मला लागली ती चौथ्या वर्षी तापात गेलेल्या पायामुळं, आणि हे मी आजवर कुणाला अभिमानानं सांगितलेलं नाही.

मंदीची वर्षं होती. सोलापुरात गिरण्यांचे भोंगे वेळच्या वेळी वाजत, पण भोंग्याला धावत गेलेल्यांतले निम्मे फाटकावरूनच परत येत. अशा दिवसांत धडधाकट माणसाला काम मिळेना, तिथं आमच्यासारख्यांना कोण विचारतो? मग गावातल्या काही सूत-व्यापाऱ्यांनी आणि वकिलांनी मिळून एक फंड काढला. जो कारखानदार लंगड्या, थोट्या, आंधळ्या माणसाला नव्यानं कामावर घेईल, त्याला त्या माणसाचा अर्धा पगार फंडातून मिळायचा. मुदत एक वर्ष. वर्षभरात माणूस कामाला सरावेल, मालकाला त्याची किंमत कळेल आणि पुढं तो आपण होऊन पुरता पगार देईल, असा त्यामागचा विचार. विचार चांगलाच होता. आज मी म्हातारी झाले तरी कागदावर त्यात मला चूक काढता येत नाही.

माझा भाऊ जकात नाक्यावर कारकून होता. त्यानंच फंडाचा अर्ज आणला. दवाखान्यातून दाखला आणला, त्यावर माझ्या पायाचं वर्णन इंग्रजीत होतं. भावानं ते मोठ्यानं वाचलं, आणि अर्थ सांगायच्या वेळी त्याला अचानक काहीतरी काम आठवलं. मी चोवीस वर्षांची होते. लग्नाचा विषय घरात कुणी काढत नसे. वहिनी वाईट नव्हती. तांदूळ निवडायला, शेंगा फोडायला, मुलं झोपवायला ती मला बसल्या जागी आणून देई. पण दिवसभरात माझ्याशी कुणी बोललं तर ते सुपाबद्दल किंवा मुलाबद्दल बोलायचं. मागल्या खोलीत बसून मी कधी कधी मोजत असे, आज आपलं नाव घरात कितीदा घेतलं गेलं. बहुतेक दिवशी मोजणी सुरूच होत नसे.

अर्जावर सही करताना भावानं स्वच्छ सांगून टाकलं, "हे बघ, वर्षानंतर काम टिकलं तर चांगलंच. नाही टिकलं तर मोडनिंबला काकांकडे जायचं. काकू अंथरुणाला खिळल्यात, तिथं बसून करणारं माणूस हवंच आहे." मोडनिंबचं ते घर मी पाहिलं होतं. मोटार रस्त्याला लागून, पण घरात बाहेरचं माणूस फिरकत नसे. काकूंची खोली, तिच्यात एक खिडकी, खिडकीसमोर गोठ्याची भिंत. मला वर्षभराची सूट मिळाली होती, एवढं मला कळलं.

कारखाना साखर पेठेत होता. कारखाना म्हणजे घरच. पुढच्या तीन खोल्यांत हातमाग, मागं मालकांचं बिऱ्हाड. लुगडी विणली जात. मालक, विणकर, सुताच्या कांड्या भरणाऱ्या बायका, सगळे तेलुगू. माझ्याशी मराठी बोलत आणि आपसात तेलुगू. पहिल्या दिवशी मी काठी टेकत आत गेले तेव्हा सगळे माग एकदम थांबल्यासारखे झाले, मग पुन्हा खडखड सुरू झाली. महिन्याभरात मला तेलुगूतला एकच शब्द नक्की ओळखता येऊ लागला, तो म्हणजे 'फंड'. मी पाणी प्यायला उठले की कुणीतरी तो शब्द उच्चारी आणि कुणीतरी हसे. त्यांचं काही चुकत नव्हतं. त्यांच्यातल्या कितीकांच्या बायका, बहिणी घरी बसून होत्या, दोन्ही पायांनिशी.

मला काम दिलं फणी भरायचं. माग म्हणजे काय हे ज्यांनी पाहिलं नाही त्यांच्यासाठी सांगते. लुगड्याचे उभे धागे, म्हणजे ताणा, मागावर चढण्याआधी एकेक करून फणीच्या एकेका फटीतून ओढून घ्यावा लागतो. फणी आपल्या केसांच्या फणीसारखीच, फक्त लुगड्याच्या रुंदीएवढी, अडीच हात लांब, दोन्ही बाजूंनी बंद आणि दात इतके बारीक की नवख्याला ते दिसतच नाहीत. हे काम दोघींचं. एक फणीच्या मागं बसते आणि क्रमानं एकेक धागा पुढं करते. दुसरी समोर बसते, फटीतून आकडी घालते आणि धागा अडकवून ओढून घेते. एका लुगड्याच्या ताण्यात धागे हजारांनी. एक धागा चुकला तर लुगड्याला शेवटपर्यंत रेघ पडते, आणि मग विणकर आई-बहिणीवरून सुरुवात करतो.

माझ्या समोर, म्हणजे फणीपलीकडे, बसायची ती अव्वा. अव्वा म्हणजे त्यांच्यात आजी. साठीची असेल. रुपयाएवढं कुंकू, हातावर निळं गोंदण, तोंडात पान. तिनं पहिल्या दिवशी मला पाटावर बसवलं, माझी काठी काढून भिंतीला उभी केली आणि म्हणाली, "बिड्डा, हितं पाय लागत न्हाय. हितं बोटं लागत्यात." बिड्डा म्हणजे लेकरू. घराबाहेर मला कुणी लेकरू म्हणेल असं वाटलं नव्हतं. त्या भरात मी पहिल्याच फटीत दोन धागे घेतले.

दिवसचे दिवस आम्ही अशा समोरासमोर बसलो. मधे धाग्यांचा पडदा. त्यातून अव्वाचा चेहरा दिसायचा, पण डोळे नीट दिसायचे नाहीत. म्हणूनच मला कळायला दोन महिने लागले. एकदा ताण्यातला एक धागा तुटून खाली लोंबत होता, तिच्या अगदी नाकासमोर, आणि ती त्याच्या शेजारचा धागा पुढं करत होती. मी म्हटलं, "अव्वा, तुटलाय की." ती थबकली. तिनं हात फिरवून तो तुटका धागा शोधला, गाठ मारली आणि हळूच म्हणाली, "मालकाला सांगू नको बिड्डा."

अव्वाला दिसत नव्हतं. उजेड-अंधार कळायचा, माणसाचा आकार कळायचा, बस्स. क्रम ती बोटांनी ओळखायची. चाळीस वर्षांची बोटं ती, त्यांना डोळ्यांची गरज उरली नव्हती. फक्त तुटका धागा तिला कळत नसे, आणि तो आता मी बघू लागले. त्याच्या बदल्यात ती माझं उठणं-बसणं बघू लागली. उन्हाळ्यात सोलापूरच्या त्या पत्र्याखाली तासाला घसा कोरडा पडायचा. मला उठायचं म्हणजे आधी काठीपर्यंत सरकायचं, मग भिंत धरायची, मग कसंबसं उभं राहायचं. अव्वा मला उठूच देत नसे. स्वतः चाचपडत रांजणाकडे जाई, तांब्या भरून आणी, आधी मला देई, मग उरलेलं स्वतः पिई. संध्याकाळी काठीही तीच हातात देई. पुस्तकातल्या गोष्टीतले आंधळा आणि पांगळा ते आम्हीच, म्हणून आम्ही हसायचो. ती हसायची तेव्हा पानाचे शिंतोडे ताण्यावर उडू नयेत म्हणून तोंडाला पदर लावायची.

नवा ताणा मागावर चढला की विणकर नारळ फोडत आणि खोबऱ्याचा पहिला तुकडा फणी भरणारींना आणून देत. तो एकच असे, दोघींत. अव्वा तो मोडून मोठा भाग मला द्यायची. मला वाटायचं तिला दिसत नाही म्हणून चुकतंय.

एक गोष्ट मला तेव्हा विचित्र वाटली होती. फंडाच्या यादीत अव्वाचं नाव नव्हतं. कसं असणार? फंड नव्यानं कामाला लागणाऱ्या अपंगांसाठी. जी आधीपासून काम करतेय, तिला अपंग कोण म्हणेल? म्हणजे आम्हा दोघींत अर्ध्या पगारात मालकाला पडले होते ती मी, आणि पुरत्या पगारात पडली होती ती अव्वा. त्या वेळी हे मनात आलं आणि मी ते तसंच सोडून दिलं. माझं लक्ष दुसरीकडे होतं.

वर्ष सरत आलं होतं. फंडाचे सेक्रेटरी एक वकील होते. तीन महिन्यांतून एकदा टांग्यातून यायचे, पांढरं उपरणं, हातात कागद. उंटावरून शेळ्या हाकणारे म्हणावेत असे, पण मनानं भले. माझ्याकडे बघून म्हणायचे, "काय बाई, जमतंय ना? छान, छान!" जणू मी नुकतीच रांगायला लागले होते. मला राग यायचा. मी मान खाली घालून आकडी चालवत राहायची. शेवटच्या खेपेआधीच्या खेपेला त्यांनी मालकांना विचारलं, "वर्षानंतर पुरत्या पगारावर ठेवाल ना यांना?"

मालक म्हणाले, "बघू की."

बघू की! सोलापुरात ज्यानं जन्म काढला त्याला या दोन शब्दांचा अर्थ सांगावा लागत नाही. त्या रात्री मला मोडनिंबची खिडकी दिसू लागली, आणि ती पुढं रोजच दिसू लागली.

लग्नसराई तोंडावर आली होती तेव्हा अव्वा तापानं पडली. एका व्यापाऱ्याची लुगडी द्यायची होती, माग रिकामा, विणकर हात चोळत बसलेला आणि ताणा तसाच पडून. विणकराची बायको माझ्या समोर बसायला तयार नव्हती. माझ्याजवळ बसलं की पोटातल्या मुलाचा पाय जाईल, असं तिला कुणीतरी सांगितलं होतं. मी एकटीच बसून राहिले. समोर रिकामा पाट. मग मला वाटलं, धागा पुढं करणारा हातच तेवढा हवा ना? तो माझा डावा हात का नको? अडचण एवढीच की ताणा मागून ताणलेला राहायला हवा. अव्वा तो आपल्या गुडघ्यांत धरायची. मी माझी काठी घेतली, ताण्याच्या झुपक्यातून आडवी घातली, दोन्ही टोकांना दगड बांधून खाली सोडली. धागे ताठ झाले. मी फणीच्या कडेला आडवी सरकले, डावा हात मागं, उजवा पुढं. पहिल्या शंभर धाग्यांनी घाम काढला. नंतर हात आपोआप चालू लागले. दुसऱ्या दिवशी दुपारी ताणा तयार होता.

मालक आले. फणी उजेडात धरून बघितली. मग त्या काठीकडे बघितलं.

"एकटीनंच?"

इथं मी खोटं बोलले असते तर! कुणीतरी मधे मधे हात लावला, एवढं म्हटलं असतं तरी पुरे होतं. पण माझ्या डोक्यात मोडनिंब होतं, आणि मोडनिंबच्या वर अभिमान होता. आयुष्यात पहिल्यांदा कुणीतरी माझ्या पायाकडे न बघता कामाकडे बघत होतं. मी म्हणाले, "हो, एकटीनं. अव्वा नसली तरी अडत नाही."

हे वाक्य माझं आहे. कुणी माझ्या तोंडात घातलं नाही. हात दाखवून अवलक्षण म्हणतात, पण ते अवलक्षण दुसऱ्याच्या वाट्याला आलं तर त्याला काय म्हणायचं, हे मला कुणी सांगितलं नाही.

मालक मान हलवून निघून गेले. अव्वा बरी होऊन आली. मी तिला काठीची गोष्ट सांगितली, तेव्हा तिनं ती काठी हातात घेऊन चाचपून बघितली, दगडाच्या गाठी बघितल्या आणि म्हणाली, "लई हुशार हाय माझी बिड्डा." आणि पुन्हा पलीकडे जाऊन बसली. आम्ही पूर्वीसारख्या काम करू लागलो. मला वाटलं, झालं, एवढंच होतं ते.

वर्ष संपलं त्या दिवशी सेक्रेटरी आले, सोबत आणखी दोन कारखानदार. मालकांनी मला सांगितलं, "दाखव की यांना." मी काठी अडकवली आणि एकटीनं धागे ओढून दाखवले. अव्वा बाजूला उभी होती, पदर तोंडाला लावून. मालक म्हणाले, "पुरत्या पगारावर ठेवणार." सेक्रेटरींना इतका आनंद झाला की त्यांनी मला नमस्कारच केला. म्हणाले, आमची योजना फळाला आली. माझ्याही डोळ्यांत पाणी आलं, खोटं कशाला सांगू. मोडनिंबची खिडकी त्या क्षणी बंद झाली. दुसऱ्या दिवशी अमावास्या, माग बंद. भावानं घरात पेढे आणले आणि वहिनीनं पहिला पेढा माझ्या हातावर ठेवला.

अमावास्येनंतर मी गेले तर पलीकडचा पाट उचलून भिंतीला लावला होता.

मी मालकांना विचारलं. ते रागावले नाहीत, उलट त्यांना माझ्या विचारण्याचंच नवल वाटलं. "दोघींचं काम एकीनं होतंय तर दोघी कशाला, बाई? तूच म्हणालीस की, अडत न्हाय." गरज सरो, वैद्य मरो. त्यांच्या दृष्टीनं ते बरोबरच होतं. अर्ध्या पगाराची आशा दाखवली म्हणून त्यांनी मला घेतलं आणि पुरता एक पगार वाचला म्हणून ठेवलं. लोक नंतर मला विचारायचे, त्या फंडानं खरंच कामं मिळाली का हो? मिळाली की. मला मिळालं. पण त्या कारखान्यात काम करणाऱ्या बायका आधी जेवढ्या होत्या तेवढ्याच राहिल्या.

मी सेक्रेटरींकडे गेले. म्हटलं, अव्वाला दिसत नाही, तिला फंडातून कुठंतरी लावून द्या. त्यांनी दाखल्याचा कागद काढून दिला. दवाखान्यातून डोळे तपासून आणायचे, खाली अंगठा द्यायचा, मग बघू म्हणाले. तो कागद घेऊन मी अव्वाच्या घरी गेले. गल्लीच्या टोकाला एक खोली, बाहेर बकरी बांधलेली. लेक आणि सून दोघं गिरणीत, घरात ती एकटीच होती. दारात माझी काठी वाजली तशी ती म्हणाली, "ये बिड्डा." डोळे दाराकडे होते, पण माझ्यावर नव्हते.

मी कागदाचं सांगितलं. तिनं ऐकून घेतलं.

"काय लिव्हलंय त्यात?"

"तुम्ही आंधळ्या आहात म्हणून."

"मी न्हाय अंगठा देत. चाळीस वरसं ह्या हातानं पोट भरलं. आता कागदावर आंदळी व्हऊ?" मग म्हणाली, "तू तुझा कागद दिलास, तुझं बराबर हाय. तुला सुरवात करायची हुती. मला कुटं करायचीय?"

मला रडू आलं. मी म्हटलं, "अव्वा, माझ्यामुळं झालं. मीच म्हणाले त्यांना, तुम्ही नसलात तरी अडत नाही." मला वाटलं होतं ती ओरडेल, हाकलून देईल. मला तेच हवं होतं. तिनं फक्त कपाळावर आलेले केस मागं सारले.

"मला ठावं हाय. मालकानं सांगितलं की." आणि मग, जसं काही आम्ही पाटावरच बसलो आहोत, तसं तिनं विचारलं, "पलीकडं आता कोण बसतं?"

"काठी."

"आनि काठी ताण्यात अडकल्यावर तू उठतीस कशी?"

उठत नव्हतेच मी. एकदा ताण बसला की संध्याकाळी काम थांबेपर्यंत काठी सोडवता येत नसे, आणि काठीशिवाय मला उभं राहता येत नसे. सकाळी बसले की संध्याकाळपर्यंत. पुढं मी ते काम अनेक वर्षं केलं, विणकर नारळाचा तुकडा आणून देत, आता तो अख्खा माझा असे. पण त्या दिवशी अव्वासमोर मला एवढंच माहीत होतं की गेले आठ दिवस मी तशी बसले होते आणि खोलीतल्या कुणाला हाक मारावी असं मला वाटलं नव्हतं.

अव्वा म्हणाली, "मग तुला पानी कोण देतं?"

"कुणी नाही."

ती उठली. भिंत धरत, चाचपडत रांजणापर्यंत गेली. तांब्या बुडवला, वरच्या कडेवरून बोट फिरवून भरलाय का ते बघितलं आणि माझ्यापर्यंत आणून दिला. मी निम्मा प्यायले आणि तांब्या तिच्या हातात परत दिला. उरलेलं ती प्यायली. मग तिनं खाली पडलेली माझी काठी शोधून काढली आणि मी उठायच्या आधीच माझ्या हातात ठेवली.